झाड उभे ठेवून मिळणारा उष्णतारोधक : कॉर्क

बुचाच्या झाडाची ओळख महाराष्ट्राला नवी नाही. पावसाळा सरता सरता रस्त्याच्या कडेला पांढऱ्या, लांब नळीच्या सुगंधी फुलांचा सडा घालणारा हा उंच वृक्ष कुठे आकाशमोगरी, तर कुठे गगनजाई म्हणून ओळखला जातो. त्याची साल जाड आणि भेगाळ असते. खऱ्या कॉर्कला दुय्यम पर्याय म्हणून ती एकेकाळी वापरली गेली आणि त्यावरूनच झाडाला हे नाव पडले. ‘बूच’ हा शब्दही मूळचा पोर्तुगीज मानला जातो, आणि खऱ्या कॉर्कचे सर्वाधिक उत्पादन घेणारा देशही पोर्तुगालच. बाटलीच्या तोंडाशी बसणारा हा पदार्थ आता इमारतींच्या भिंतींत आणि छपरांवर दिसू लागला आहे. खरे तर तो तेथे परत येतो आहे, कारण शंभर वर्षांपूर्वी शीतगृहांच्या भिंतींत त्याचेच राज्य होते.

घर थंड किंवा उबदार राखण्यासाठी भिंतीत आणि छतावर उष्णतारोधक थर देण्याची पद्धत जगभर रूढ होत आहे. या कामासाठी बाजारात मिळणारे बहुतेक पदार्थ, म्हणजे थर्मोकोल किंवा पॉलीयुरेथेन फोम, खनिज तेलापासून बनतात. काचतंतू आणि खनिज लोकर यांसाठी काच किंवा दगड वितळवावा लागतो. कॉर्क मात्र झाडाच्या सालीतून मिळतो, आणि तोही झाड न तोडता. कृषी क्षेत्राच्या दृष्टीने त्याचे खरे वेगळेपण येथेच आहे. उष्णता अडविण्याच्या निव्वळ क्षमतेत तो पहिल्या क्रमांकावर नाही. पण त्याच्यामागे जी शेती उभी आहे, तशी शेती अन्य कोणत्याही उष्णतारोधकामागे नाही.

सालीचे पीक

कॉर्क ओक, शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर, हा भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील सदाहरित वृक्ष आहे. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली आणि फ्रान्स या सात देशांत मिळून त्याखाली सुमारे २१ लाख हेक्टर क्षेत्र आहे. त्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या पोर्तुगालमध्ये असून जगातील कॉर्कचे साधारण निम्मे उत्पादन तेथूनच येते. डिसेंबर २०११ मध्ये पोर्तुगालच्या संसदेने या वृक्षाला राष्ट्रीय वृक्षाचा दर्जा दिला. परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. जमीन स्वतःच्या मालकीची असली तरीही नाही.

साल काढण्याचे वेळापत्रक मात्र शेतकऱ्याच्या संयमाची कसोटी पाहणारे आहे. रोप लावल्यानंतर पहिली साल काढण्यास साधारण २५ वर्षे जावी लागतात. छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर ७० सेंटिमीटर झाल्याशिवाय कायद्याने सालीला हात लावता येत नाही. त्यानंतर दोन काढण्यांमध्ये किमान ९ वर्षांचे अंतर बंधनकारक आहे. पहिली साल खडबडीत आणि वेडीवाकडी निघते, दुसरी थोडी बरी असते, आणि बाटलीचे उत्तम बूच कापता येईल अशी एकसंध साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर मिळते. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातवाने खावीत, तसाच हा हिशेब आहे. मात्र एकदा उत्पन्न सुरू झाले की झाड दीडशे-दोनशे वर्षे देत राहते. आग्वास द मोरा या गावी १७८३ मध्ये लावलेल्या एका कॉर्क ओकची साल २००९ मध्ये काढली, तेव्हा ती ८२५ किलो भरली. ते झाड आजही उभे आहे.

काढणी मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालते. या काळात झाडाची वाढ जोमात असल्याने बाहेरची मृत साल आतल्या जिवंत थरापासून सहज सुटते. कुशल मजूर विशिष्ट आकाराच्या कुऱ्हाडीने सालीवर उभी चीर देतो, पाते किंचित फिरवून साल सैल करतो आणि कुऱ्हाडीच्या दांड्याचे पाचरीसारखे टोक आत घालून पूर्ण फळी उचलतो. घाव बेताचा बसला पाहिजे. आतल्या थराला जखम झाली, तर त्या जागी पुन्हा चांगली साल येत नाही आणि कीड व बुरशीला वाट मिळते. साल सुटत नसेल तर जाणता मजूर ती त्या वर्षी तशीच सोडून देतो. हे काम यंत्राकडे पूर्णपणे सोपविता आलेले नाही, आणि म्हणूनच युरोपातील शेतमजुरीच्या कामांत त्याला सर्वाधिक मोबदल्याच्या कामांमध्ये स्थान आहे. साल काढलेले खोड प्रथम नारिंगी आणि पुढे तांबूस तपकिरी दिसते. त्यावर पांढऱ्या रंगाने वर्षाचा शेवटचा अंक लिहितात. २०२५ मध्ये साल काढलेल्या झाडावर ‘५’ असतो, आणि २०३४ पूर्वी त्या झाडाकडे कोणी कुऱ्हाड घेऊन जात नाही.

साल उष्णता कशी अडवते?

१६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचा पातळ काप ठेवला. मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे रिकामे कप्पे पाहून त्यांनी त्यांना ‘सेल’ म्हटले, आणि जीवशास्त्राला पेशीसाठी शब्द मिळाला. त्याच कप्प्यांत कॉर्कच्या उष्णतारोधाचे रहस्य आहे. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी पेशी असतात. प्रत्येक पेशी हवेसारख्या वायूने भरलेली आणि चहूबाजूंनी बंद असते. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. ती हलू लागली की उष्णता वाहून नेते. कॉर्कमध्ये तिला हलण्यास जागाच नसते. पेशींच्या भित्तिका सुबेरिन या मेणचट द्रव्याने आणि लिग्निनने बनलेल्या असल्याने पाणी सहजी आत शिरत नाही आणि कुजण्याची क्रियाही फार मंद असते. झाडाने हे कवच मुळात वणव्यापासून बचावासाठी धारण केले आहे. भूमध्य प्रदेशातील आगींमध्ये आजूबाजूची झाडी जळून गेल्यावर कॉर्क ओकच्या फांद्यांना पुन्हा पालवी फुटते, ती या सालीमुळेच.

मनुष्याने हा गुण फार पूर्वी हेरला होता. लिस्बनजवळील सिंत्रा येथे १५६० मध्ये बांधलेल्या कपुशूस मठात खोल्यांची दारे, खिडक्या आणि छते कॉर्कच्या सालीने मढविलेली आहेत, कारण तेथील हवा दमट आणि गार असते. हा मठ बांधणारे आल्व्हारो द कास्त्रो हे पोर्तुगीज भारताचे व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो यांचे पुत्र. जुआंव यांचे निधन १५४८ मध्ये गोव्यात झाले, आणि त्यांचा नवस पुत्राने पुरा केला असे सांगितले जाते.

आजच्या काळ्या-तपकिरी कॉर्क फळ्यांचा शोध मात्र योगायोगाने लागला. १८९० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये जॉन स्मिथ नावाचे गृहस्थ जीवरक्षक जाकिटे तयार करीत. त्यात भरण्यासाठी आणलेल्या कॉर्कच्या चुऱ्याने भरलेले एक पत्र्याचे नळकांडे रात्री विस्तवावर जाऊन पडले, अशी कथा नोंदविली गेली आहे. सकाळी पाहतात तो चुरा जळून राख न होता चॉकलेटी रंगाच्या घट्ट वडीत बदललेला. उष्णतेने कॉर्कचे कण फुगले होते आणि त्यांच्यातीलच राळेसारख्या द्रव्याने एकमेकांना चिकटले होते. बाहेरून डिंक किंवा सरस लागलाच नव्हता.

आजही प्रक्रिया तीच आहे, फक्त विस्तवाची जागा वाफेने घेतली आहे. कॉर्कचा भरडा बंद साच्यात भरून त्यातून ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची वाफ सोडतात. थोड्याच वेळात त्याचा एकसंध ठोकळा होतो. तो थंड करून त्याच्या हव्या त्या जाडीच्या फळ्या कापतात. वाफ तयार करण्यासाठीचे इंधन बहुतांशी कारखान्यातच निघणारा कॉर्कचा भुसा असतो. कच्चा माल म्हणून छाटणीत निघालेल्या फांद्यांची साल आणि बुचाच्या कामी न येणारी पहिल्या खेपेची साल वापरली जाते. म्हणजे भिंतीत जाणारा कॉर्क हा बाटलीत जाणाऱ्या कॉर्कचा स्पर्धक नाही. बुचाच्या धंद्यात जे उरते, ते त्याच्या वाट्याला येते.

आकड्यांची पारख

उष्णतारोधकाची पारख त्याच्या उष्णतावाहकतेवरून होते. आकडा जितका लहान, तितका पदार्थ सरस. कॉर्क फळीची उष्णतावाहकता सुमारे ०.०४० वॅट प्रति मीटर केल्विन आहे. थर्मोकोल आणि खनिज लोकर जवळपास याच पातळीवर किंवा किंचित सरस आहेत, तर पॉलीयुरेथेन फोम ०.०२५ च्या आसपास असल्याने स्पष्टपणे पुढे आहे. भाजक्या विटेचा आकडा ०.८ आणि प्रबलित काँक्रीटचा सुमारे १.६ आहे, हे लक्षात घेतले की आपल्या स्लॅबच्या घरांत उन्हाळ्यात जीव का गुदमरतो ते कळते.

एक साधा हिशेब पाहावा. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे, साधारण ३.३ वॅट उष्णता आत येते. त्याच स्लॅबवर २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच जाडीचा कॉर्क घातला, तर हा आकडा सुमारे १.१ वर येतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ने निवासी इमारतींच्या छतासाठी १.२ ची कमाल मर्यादा घालून दिली आहे. एक इंचाचा थर ती मर्यादा पाळण्यास पुरेसा ठरतो. हेच काम थर्मोकोलही करतो, आणि कितीतरी स्वस्तात करतो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

मग कॉर्कची बाजू कोठे वरचढ ठरते? पहिली गोष्ट वजनाची. कॉर्क फळीची घनता प्रति घनमीटर ११० किलोच्या आसपास, तर नेहमीच्या थर्मोकोलची १५ ते २० किलो. जड पदार्थ तापण्यास अधिक उष्णता घेतो. त्यामुळे दुपारचे ऊन छतातून खोलीत पोहोचण्यास विलंब लागतो आणि तोवर बाहेर सायंकाळ झालेली असते. थंड देशांत या गुणाला फारसे महत्त्व दिले जात नाही. उष्ण प्रदेशात तो मोलाचा आहे. दुसरी गोष्ट आयुष्याची. जुन्या शीतगृहांच्या भिंतींतून अनेक दशकांनी काढलेल्या कॉर्क फळ्या सुस्थितीत आढळल्या आहेत. त्या दाबाखाली चपट्या होत नाहीत, बाष्पाला हळूहळू वाट देतात, आवाजही अडवतात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी १९१० मध्ये आपली पॅरिसमधील निजण्याची खोली कॉर्कने मढवून घेतली होती, ती रस्त्यावरचा गोंगाट टाळण्यासाठीच. तिसरी गोष्ट शेवटाची. इमारत पाडल्यावर कॉर्क पुन्हा भरडून वापरता येतो, आणि त्यात बाहेरचा चिकट पदार्थ नसल्याने मातीलाही तो जड जात नाही.

दोषही आहेत. कॉर्क ज्वलनशील आहे. तो सावकाश जळतो, पेटते थेंब गाळत नाही. पण अग्निरोधक नव्हे, आणि तसे सांगून तो विकला जात असेल तर सावध राहावे. नव्या फळ्यांना धुरकट वास येतो. उघड्यावर लावल्यास मूळचा गडद रंग उडून त्या करड्या पडतात. छतावर घालताना त्यावर जलरोधक थर आणि फरशी किंवा ब्रिकबॅट कोब्याचे आच्छादन हवेच. भिजलेला उष्णतारोधक, मग तो कोणताही असो, आपले काम नीट करीत नाही.

वास्तुविशारदांना या पदार्थाने अलीकडे पुन्हा भुरळ घातली आहे. २००० साली हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनात पोर्तुगालच्या दालनाला कॉर्कचे बाह्य आवरण होते. इंग्लंडमधील ईटन येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कॉर्क हाउस’ने तर पुढची पायरी गाठली. त्याच्या भिंती आणि छप्पर १,२६८ कॉर्क ठोकळे एकमेकांत गुंतवून उभारले आहेत; ना सिमेंटचा गिलावा, ना गोंद. पुढे कधी घर उतरवायचे ठरले, तर ठोकळे सुटे करून पुन्हा वापरता येतील अशी त्याची योजना आहे.

मोंतादोचे भवितव्य

दक्षिण पोर्तुगालमधील आलेंतेझू प्रांतात कॉर्क ओकची विरळ झाडी आणि तिच्याखालची कुरणे व शेते मिळून जी भूव्यवस्था तयार झाली आहे, तिला ‘मोंतादो’ म्हणतात. स्पेनमध्ये तिचेच नाव ‘देहेसा’. झाडांखाली मेंढ्या आणि गाई चरतात, शरद ऋतूत गळणाऱ्या ओकच्या फळांवर काळी डुकरे पोसली जातात, मधपेट्या ठेवल्या जातात, अळंबी गोळा केली जातात. आज ज्याला आपण वनशेती आणि कुरणशेतीची सांगड म्हणतो, ती येथे शतकानुशतके चालत आली आहे. इबेरियन लिंक्स हे दुर्मिळ रानमांजर आणि इबेरियन शाही गरुड यांचाही या प्रदेशात अधिवास आहे.

ही व्यवस्था एकदा मोडता मोडता राहिली. १९२९ पासून पोर्तुगालने अन्नधान्यातील स्वयंपूर्णतेसाठी गव्हाची मोहीम हाती घेतली. आलेंतेझूच्या पातळ मातीत खोल नांगरट झाली, ओकची मुळे दुखावली, झाडी विरळ झाली आणि उतारावरची माती वाहून गेली. गव्हाचे उत्पादन काही वर्षे वाढले; जमिनीने दिलेली किंमत मात्र पुढील पिढ्यांनी मोजली. हलक्या जमिनीला धान्याच्या हट्टाने जुंपल्याचे असे प्रसंग भारतातही अपरिचित नाहीत.

दुसरे संकट बाजारातून आले. १९९० च्या दशकात बुचामुळे मद्याला येणाऱ्या कुबट वासाच्या तक्रारी वाढल्या आणि प्लास्टिकची बुचे व अॅल्युमिनियमची फिरकीची झाकणे पुढे सरसावली. कॉर्कच्या एकूण उत्पन्नाचा मोठा हिस्सा बुचांतून येतो. ती मागणी कोसळली, तर शेतकरी झाडांची निगा सोडून देईल, जमिनीवर निलगिरीसारखी लवकर पैसा देणारी झाडे येतील किंवा झुडपे माजून वणवे वाढतील, असा इशारा २००६ मध्ये जागतिक वन्यजीव निधीने दिला होता. उद्योगाने कुबट वासावर तांत्रिक उपाय शोधले आणि बुचाची बाजारपेठ बरीच सावरली. परंतु एकाच उत्पादनावर विसंबण्याचा धोका त्या वेळी सर्वांना उमगला. इमारतींसाठीच्या फळ्या, फरशा आणि ध्वनिरोधक पत्रे यांना त्यानंतर जे महत्त्व आले, त्याचे एक कारण हे आहे. हलक्या सालीलाही भाव मिळाला, तर कोवळ्या झाडाची पहिली काढणी आणि फांद्यांची छाटणी शेतकऱ्याला परवडते.

आता तिसरे संकट दारात उभे आहे. वाढते दुष्काळ आणि फायटोफ्थोरा सिनॅमोमाय या मूळकूज रोगाने अनेक ठिकाणी जुनी झाडे वाळत आहेत. जी झाडे जातात, त्यांची जागा भरून निघण्यास अर्धे शतक लागते. कोणतीही मागणी या काळाला घाई करू शकत नाही.

भारतात किती उपयोग?

कॉर्क भारताला नवा नाही. भारतीय मानक ब्युरोच्या १९८७ मधील इमारतविषयक पुस्तिकेत उष्णतारोधकांच्या यादीत कॉर्क फळीचे आकडे दिलेले आहेत, कारण थर्मोकोल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी शीतगृहांसाठी ती फळी आयात होत असे. आज ध्वनिमुद्रण कक्ष, सभागृहे, फरशीखालचे थर अशा निवडक ठिकाणी ती वापरली जाते. भारतातील सर्वसाधारण घरांच्या छतावर आयात कॉर्क घालावा, असे सुचविणे मात्र वास्तवाला धरून होणार नाही. जगाचे वार्षिक कॉर्क उत्पादन सुमारे २ लाख टन आहे. १०० चौरस मीटर छतावर एक इंचाचा थर द्यायचा तर साधारण २७५ किलो फळ्या लागतात. बुचासकट सगळाच्या सगळा कॉर्क फळ्यांत घातला आणि प्रक्रियेतील घट विचारात घेतली नाही, तरी वर्षाला जेमतेम सव्वासात लाख छते होतील. पुण्यासारख्या एका शहराची निकडही त्यातून मोठ्या कष्टाने भागेल. लागवड वाढवावी म्हटले, तर पहिली साल २५ वर्षांनी.

भारताजवळ सालीचे पीक नसले, तरी शेतीतून निघणारे उष्णतारोधक होतेच. मराठवाडा आणि खानदेशातील धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. कोकणात आणि अन्यत्र गवताची शाकारणी होती. उत्तर प्रदेशातील बटाट्याच्या जुन्या शीतगृहांच्या दुहेरी भिंतींत भाताचे तूस भरलेले असे. तुसात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही आणि त्याच्या कणांमध्ये हवा अडकून राहते. त्याची अडचण वेगळी आहे: ते सुटे असते. काळाच्या ओघात खाली बसते, वर पोकळी राहते, दमट हवेत ओल धरते आणि उंदरांना आयते घर मिळते. तुसाची, कापसाच्या पऱ्हाटीची किंवा नारळाच्या काथ्याची घट्ट फळी करायची, तर चिकटविण्यासाठी बाहेरून राळ घालावी लागते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या बनविण्याचे तंत्र विकसित केले आहे. एरवी शेतात जाळली जाणारी पऱ्हाटी त्यामुळे उपयोगात येऊ शकते. पण अशा फळ्यांत सर्वसाधारणपणे कृत्रिम राळच वापरली जाते, आणि खर्चाचा व प्रदूषणाचा मोठा भाग तिच्यापायीच असतो.

कॉर्कला ही अडचण येत नाही, कारण त्याचा चिकट पदार्थ त्याच्याच पेशींत असतो आणि केवळ वाफेने तो जागा होतो. पऱ्हाटी आणि काथ्या यांतही लिग्निन आहे. पुरेशी उष्णता आणि दाब दिल्यास तेही मऊ होऊन तंतूंना धरून ठेवते. ते किती तापमानाला, किती ओलाव्यात आणि किती दाबाखाली घडवावे म्हणजे फळी घट्टही होईल आणि तिच्यातील हवाही दाबून बाहेर जाणार नाही, येथे काम अडते. घट्टपणा वाढविला की हवा जाते, आणि हवा राखली की फळी ठिसूळ होते. तुसाचे कण तर गुळगुळीत आणि सिलिकायुक्त असल्याने आणखी हट्टी आहेत.